५५ इंची ४के टीव्ही, आठ महिन्यांनंतर: दोन ताऱ्यांचे चार कसे झाले

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. आज चार देतोय. टीव्ही तोच, पॅनेल तेच. बदललं ते मागचं पोर्ट आणि मेनूतल्या चार-पाच गोष्टी.

पहिली तक्रार घरातल्या सगळ्यांचीच होती. चित्रपट लावला की तो मालिकेसारखा दिसायचा. माणसं जरा जास्तच गुळगुळीत हलायची आणि चेहरे मेणाचे वाटायचे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या अंदाजाने तयार करून भरतो, आणि कंपनीने ही सोय आधीच चालू करून ठेवलेली असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, त्यामुळे सापडायला वेळ गेला. चित्रपटासाठी पूर्ण बंद केली. सामन्याला थोडी ठेवतो, तिथे ती खटकत नाही.

खरा घोळ लॅपटॉप जोडल्यावर झाला. माउसचा बाण अडखळत चालायचा, आणि काळ्यावरची लाल अक्षरं शाई फुटल्यासारखी दिसायची. मी आधी केबलला दोष दिला आणि महागडी केबल आणली. काडीचा फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी ही जोडणी, डिजिटल असल्याने चांगल्या केबलने रंग गडद होत नाहीत. केबल कमी पडली तर चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. दोन मीटरपर्यंत साधी, प्रमाणित केबल पुरते. पुढे लांबी वाढली की मग विचार करावा.

लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं तर ३० हर्ट्‌झ, म्हणजे चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलत होतं. दोष पोर्टाचा होता. एचडीएमआयच्या २००९ च्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यात ४के ३० हर्ट्‌झपर्यंतच जातं. २०१३ च्या २.० ची १८ गिगाबिट, म्हणजे ६० हर्ट्‌झ. २०१७ च्या २.१ ची ४८, तिथे १२० पण चालतं. माझ्या टीव्हीला चार पोर्ट आहेत, पण वेगवान दोनच, आणि त्या दोघांनाही मेनूत जाऊन वेगवेगळं ‘वाढीव सिग्नल’ चालू करावं लागतं. आधीपासून ते बंद असतं. हे माहितीपुस्तिकेत कुठल्याशा कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं.

बाण सुरळीत झाला, तरी लाल अक्षरं फुटकीच. मग कळलं की टीव्ही रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच घेत होता, म्हणजे ज्याला ४:२:० म्हणतात ते. उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा येतो, रंग मात्र वाटून घेतलेला. चित्रपट मुळात तसेच साठवलेले असतात, त्यामुळे तिथे कळत नाही. बारीक अक्षरांत कळतं. उपाय हास्यास्पद निघाला: इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं आणि अक्षरं लख्ख झाली. बऱ्याच टीव्हींत नाव बदललं की आतली प्रक्रियाच बदलते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सेट-टॉप बॉक्सचं दुखणं निराळं. काळा रंग राखाडी दिसायचा आणि मी महिनाभर कॉन्ट्रास्ट वाढवत बसलो. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! बॉक्स काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड १६ ते २३५ या आकड्यांच्या पट्ट्यात पाठवत होता आणि टीव्ही ० ते २५५ धरून बसला होता. म्हणजे बॉक्सचा काळा, १६, टीव्हीला राखाडी वाटायचा. उलट झालं असतं तर सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडाला असता. ‘ब्लॅक लेव्हल’ जुळवल्यावर दहा सेकंदांत काम झालं. त्याच फेरीत ओव्हरस्कॅनही बंद केला. काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळातली ही सवय आजही चित्राच्या कडा कापते, आणि सामन्याचा धावफलक नेमका कडेलाच असतो.

जुना डीव्हीडी प्लेयर जोडला तेव्हा चित्र चक्क कृष्णधवल आलं. पिवळी पिन हिरव्या छिद्रात बसते, पण इनपुट मात्र कंपोनंट (रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून घेणारं) निवडलेलं होतं. ते बदलल्यावर रंग आले. तरी एकाच तारेतून रंग आणि उजेड एकत्र येतात, कडांवर ठिपके सरपटतात, आणि डीव्हीडीच्या ५७६ ओळी ४के पडद्याच्या २१६० ओळींवर ताणल्या जातात. त्यातून फार अपेक्षा करू नका.

शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणलाय, कारण तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी झालर लावतो. रंगछटा ‘वॉर्म’ ठेवली. बाबा तीन दिवस ‘पिवळा झाला टीव्ही’ म्हणत होते. आठवड्याने मुद्दाम जुना मोड लावून दाखवला, तर ‘निळाशार का केलास?’ विचारलं.

आता टीव्हीचे स्वतःचे दोष. अंधाऱ्या दृश्यात खालच्या डाव्या कोपऱ्यात उजेडाचा डाग दिसतो. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) चालतो, पण पडद्याची कमाल चमकच बेताची असल्याने दिवसा तो फिका वाटतो. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे साउंडबारसाठीचं ईएआरसी पोर्ट (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं एचडीएमआय) हे त्याच दोन वेगवान पोर्टांपैकी एक आहे. साउंडबार लावला की लॅपटॉप आणि गेम कन्सोल यांच्यात एकच पोर्ट उरतं, आणि मी आठ महिने टीव्हीमागे वाकून केबल अदलाबदल करतोय. पाचवा तारा तिथेच अडकला.