मारुती ८००, हळदीचं पाणी आणि माझे ९१,८०० रुपये

जुनी मारुती ८०० घेऊन फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या. गाडीचे ८२,०००. एजंटाची दलाली २,०००. गाडी घरपोच आणून दिल्याचे १,५००. तवंदी घाटातून बेळगावपर्यंत ओढून आणायचे ३,८००. इंजिन उघडून बघायची मजुरी २,५००. एकूण ९१,८००. गाडी दारात उभी आहे, जांभळाखाली, आणि तिच्या टपावर जांभळांचे डाग पडलेत.

आता मी कोण, तेही सांगतो, कारण लाज तिथंच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, सतरा वर्षं ग्राइंडिंगवर आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतो. बायको म्हणाली, "जगाचं मोजतासा, खरं आपलं मोजायला विसरलासा." काय उत्तर देणार?

तरी माझी बाजू ऐका. मारुती ८०० मला नवीन नव्हती. मामांकडं कार्ब्युरेटरची जुनी होती, तीवरच मी शिकलो. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची. इतकी वर्षं ज्या इंजिनावर देश चालला ते एफ-८-बी म्हणजे तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२ मिमी, वर ॲल्युमिनियमचं हेड आणि सिलिंडरमागं दोनच व्हॉल्व्ह. ताकद जेमतेम ३७ बीएचपी, खरं गाडीला वजनच नाही. कुठल्याही गावात मिस्त्री मिळतो, पार्ट मिळतो. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल, आल्यावर तर चोकची कटकटही गेली. माझी घेतलेली २०११ ची, एमपीएफआय, एसी, एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. म्हणजे मी काही आंधळेपणानं उडी मारली नव्हती. इंजिन चांगलंच आहे. फसवणूक इंजिनानं केली नाही.

गाडी निपाणीत, म्हणजे कर्नाटकातच बघितली. एजंट कोगनोळीच्या पलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. सौदा अलीकडं, माणूस पलीकडं. तेव्हा यात काही वाटलं नाही, आपल्याकडं अर्ध्या सोयरिकी अशाच आहेत. सकाळी साडेसातला पोचलो. मिरगाचा पाऊस, धुकं, अंगात स्वेटर. तो म्हणाला, "आठ दिवस झालं पाव्हणं, गाडीला हात लावलेला नाही. तुमच्यासाठीच थांबवलीय." मी बॉनेट उघडायला हात लावला, तर पत्रा कोमट.

आठ दिवस उभी असलेली गाडी, पावसाळी सकाळ, आणि पत्रा कोमट. मी हात तसाच ठेवला होता, चांगला दोन-तीन सेकंद. माझ्या हाताला कळलं होतं, मला कळलं नाही.

पुढं ऐका. त्यानं किल्ली फिरवली आणि फॅन सुरू. पहिल्या झटक्यात. "बघा, कूलिंग एकदम कडक!" मी मान डोलावली. अहो, या गाडीचा रेडिएटरचा फॅन पाणी तापल्यावर फिरतो आणि गार झालं की थांबतो, हे मला ठाऊक आहे. किल्लीबरोबर फिरतो म्हणजे कुणीतरी वायर थेट जोडलीय, आणि थेट जोडलीय म्हणजे गाडी तापते. तिथंच "बरं, कळवतो" म्हणून उठायला हवं होतं. बसस्टँडवर चहा प्यायला असता आणि दहाची बस धरली असती. त्याऐवजी मी म्हणालो, "आवाज चांगला आहे फॅनचा."

रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी पिवळसर. "कूलंट हाय, भारीतलं." कूलंट नव्हतं, हळद होती. गळका रेडिएटर तात्पुरता बुजवायला मिस्त्री लोक हळद टाकतात, ती भोकाशी जाऊन बसते. नळ्यांतही बसते, मग पाणी फिरायचं बंद. सांगलीची हळद लग्नात लागते एवढंच मला माहीत होतं.

टेस्ट ड्राइव्हला मी म्हणालो, घाटाकडं जाऊया. तवंदी घाट निपाणीच्या उंबऱ्यावरच. तो म्हणाला, "तिकडं ट्रकांची लाइन असती, कोगनोळीकडं मोकळा रस्ता हाय." गेलो. सपाट हायवे, चौथा गियर, तापमानाचा काटा खाली. काटा वर येणारच नव्हता, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. उभ्या गाडीत जरा झटके लागत होते. "तीन सिलिंडर हाय मालक, थरथरणारच." हे अर्धं खरं असल्यामुळं मला पटलं. तीन सिलिंडरची थरथर एकसारखी असते. मधेच एक ठोका गळतो, त्याला मिसिंग म्हणतात. जुनी ८०० घेताना बॉनेटवर हात ठेवून एक मिनिट नुसतं ऐका, आणि विक्रेत्याला त्या मिनिटात बोलू देऊ नका.

९५,००० पासून ८२,००० वर आणलं, याचा मला अभिमान वाटला होता. ५,००० फोनवरून, १७,००० तिथंच फोनवरून, ६०,००० रोख. पावती नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या होत्या, एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना हरकत दाखला, "आठ दिवसांत". मूळ मालक कोण, मी बघितला नाही. रोख द्यायची वेळ आली की मालकाला समोर बसवा, नाहीतर पैसे खिशात ठेवा.

गाडी त्यानंच रात्री बेळगावात आणून दिली. किती सेवाभावी माणूस, असं घरी म्हणालो. आता कळतं, मी स्वतः आणली असती तर तवंदी घाट मलाच चढावा लागला असता.

तीन आठवडे टिळकवाडी ते उद्यमबाग. एवढ्याशा अंतरात काही तापत नाही. सकाळी निळसर धूर यायचा, पाचेक मिनिटांत जायचा. मी म्हणायचो, पावसाळा आहे. धूर निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा आणि थांबतच नाही म्हणजे पाणी. पावसाळ्याचा धूर असा काही प्रकार नसतो.

आषाढी अमावस्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला निघालो. आम्ही दोघं, आई, मुलगी. जाताना घाट उतारच. परतताना तवंदीच्या चढाला गर्दी, गाड्या मुंगीच्या पावलानं. दुसऱ्या वळणाला काटा लाल, मग वाफ, मग इंजिनानं मानच टाकली. आई पावसात दगडावर बसलेली, डोक्यावर प्रसादाची पिशवी. ते मी विसरणार नाही.

मिस्त्रीनं उघडलं. तेलाच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा थर, म्हणजे पाणी तेलात. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांत कॉम्प्रेशन (दाब) निम्मं, मधली गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, जळालेली. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, खालचा ब्लॉक लोखंडाचा, दोघांचं पसरणं वेगळं, मधे गॅस्केट मरते. हेडला आधीच दोनदा फेसिंग मारलेलं, म्हणजे घासून सपाट केलेलं. आणि तेल? नव्वद नंबरचं गियर ऑइल घातलेलं, धूर आणि खडखड दाबायला. डिपस्टिक पुसून तेल बोटावर घ्या. मधासारखं ओघळलं तर घरी जा. पूर्ण काम ३४,६०० सांगितलं. मी नको म्हणालो.

एजंटाचा फोन पहिल्या दिवशी लागला. "जुनी गाडी हाय, गॅरंटी कुठं असती पाव्हणं?" दुसऱ्या दिवसापासून बंद.

आता सरकारी प्रसाद. ठाण्यांची नावं लिहीत नाही, मला इथंच राहायचंय. पहिल्या ठाण्यात हवालदार कागद बघून म्हणाले, "इल्लि आगल्ल री," इथं होत नाही, सौदा जिथं झाला तिथं जा. तिथं गेलो तर पैसे महाराष्ट्रातल्या खात्यावर गेलेत, गाडी एमएचची, तिकडं जा. हद्दीपलीकडच्या ठाण्यात तिसरा साहेब: तुम्ही कर्नाटकातले, तिकडंच तक्रार करा, आणि हा तर दिवाणी मामला. तीन ठाणी, चार हेलपाटे, सुट्टीचे पगार कापले ते वर धरलेले नाहीत. एका ठिकाणी अर्ज मराठीत होता म्हणून घेतला नाही, दुसऱ्या ठिकाणी सोबतची कागदं कन्नडमध्ये म्हणून. सीमाभागातल्या माणसाला हे नवं नाही, पण फसवणाऱ्यालाही ते पाठ असतं. माझी खात्री आहे, तो मुद्दाम अलीकडचं गिऱ्हाईक बघतो.

नंतर गल्लीतल्या वकिलांनी सांगितलं: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही. कलम कागदावर लिहून चौथ्यांदा गेलो, तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत." ग्राहक आयोगाचंही विचारलं. खासगी मालकानं विकलेली गाडी तिथं टिकत नाही, दलालीवरून एजंटाला ओढता आलं असतं, त्या २,००० ची पावती कुठाय? आरटीओत खिडकीवर एकच वाक्य: एनओसी आणा. एनओसी आणून देतो म्हणणाऱ्याचा फोन बंद. गाडीच्या नंबरावर आधीच्या मालकाचे दंड थकलेत, तेही ऑनलाइन नंबर टाकून दोन मिनिटांत दिसलं. ती दोन मिनिटं मी जूनमध्ये द्यायला हवी होती.

गेल्या आठवड्यात ते हेड पिशवीतून कंपनीत नेलं. जेवणाच्या सुट्टीत साफ करून त्यावर स्ट्रेट एज, म्हणजे सरळ पट्टी धरली. ०.२२ मिमीचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, न अडखळता आत गेलं. शेजारच्या मशीनवरचा पोरगा डबा हातात घेऊन आला, वाकून बघितलं, शिट्टी मारली. "कुणाच्या गाडीचं हो काका?"

"मामांच्या," म्हणालो मी.