मीडियाविकीचा डंप आणि इम्पोर्ट: फोर्कसाठी कितपत पुरतात?

विकीचा फोर्क काढताना, म्हणजे त्याची प्रत घेऊन नव्या जागी स्वतंत्र विकी उभारताना, सगळी मदार मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या दोन स्क्रिप्टांवर असते: पानं एका फाइलीत (डंपमध्ये) उतरवणारी डंपबॅकअप आणि ती फाइल नव्या विकीत भरणारी इम्पोर्टडंप. मजकूर आणि इतिहास हलवायला ही जोडी उत्तम आहे. चित्रं आणि सदस्यांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते.

डंप ‘फुल’ पर्यायानेच घ्यावा. ‘करंट’ने फाइल लहान होते, पण प्रत्येक पानाची फक्त शेवटची आवृत्ती येते. सीसी बाय-एसए या मुक्त परवान्यात श्रेय देणं बंधनकारक आहे आणि विकीवर ते श्रेय इतिहासाच्या पानातच नोंदलेलं असतं. नुसत्या दुव्यावर भागवलं, तर मूळ विकी बंद पडल्यावर तेही जातं. सर्व्हर हाती नसेल तर ‘निर्यात’ हे विशेष पान आहे, पण विकिपीडियावर ते एका पानाच्या 1000 आवृत्त्यांवर थांबतं. तिथे साचे (अनेक पानांत वापरले जाणारे तयार तुकडे) घेण्याची खूणही आठवणीने करावी लागते.

इम्पोर्टच्या आधी नामविश्वं (शीर्षकाच्या उपसर्गावरून पडणारे पानांचे गट) त्याच नावांनी तयार हवीत, नाहीतर ती सगळी पानं मुख्य नामविश्वात येऊन पडतात. साच्यांना लागणारी स्क्रिबंटो आणि पार्सरफंक्शन्स ही एक्स्टेन्शन्स बसवलेली नसतील तर साच्यांऐवजी कंसांचा कच्चा मजकूर दिसतो. विकी मोठा असेल तर दुव्यांच्या नोंदी तात्पुरत्या टाळणारा ‘नो-अपडेट्स’ पर्याय लावून इम्पोर्ट करावा आणि शेवटी त्या नोंदी नव्याने बांधणारी रीबिल्डऑल स्क्रिप्ट चालवावी. तोवर वर्ग आणि ‘येथे काय जोडले आहे’ रिकामे दिसतात, म्हणून घाबरायचं कारण नाही.

हमखास चकवणारी जागा म्हणजे मुखपृष्ठ. इन्स्टॉलेशनच्या वेळी तयार झालेली आवृत्ती आजच्या तारखेची असते आणि आयात झालेल्या सगळ्या तिच्याहून जुन्या. त्यामुळे हजारो पानं आली तरी दारात स्वागताचा तोच कोरा मजकूर राहतो. इतिहासात जाऊन शेवटची आयात आवृत्ती उघडावी आणि तीच जतन करावी.

नेहमीच्या डंपमध्ये चित्रं नसतात. ती इम्पोर्टइमेजेस या स्क्रिप्टने वेगळी चढवावी लागतात आणि काही न सांगितल्यास चढवणारा म्हणून ‘मेंटेनन्स स्क्रिप्ट’ नोंदला जातो. श्रेयाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. फाइलीचं नाव अक्षरशः तेच ठेवावं.

पासवर्ड, ईमेल, वगळलेली पानं यांतलं काहीच येत नाही. म्हणजे माणसांना आपापल्या पायांनीच यावं लागतं. 2006 मध्ये विकीट्रॅव्हल हा प्रवासाची माहिती देणारा विकी एका कंपनीने घेतल्यावर त्याच वर्षी जर्मन संपादकांनी विकीव्हॉयेज हा त्याचा फोर्क काढला आणि 2012 मध्ये इंग्रजी संपादकही तिकडे वळले. मजकूर तर दोन्हीकडे होता, विकीव्हॉयेज उभा राहिला तो या संपादकांमुळे.

स्थलांतर लांबलं तरी हरकत नाही. मूळ विकीचा नवा डंप पुन्हा इम्पोर्ट करता येतो, आधी आलेल्या आवृत्त्या स्क्रिप्ट वगळते. मात्र दरम्यान नव्या जागी संपादित झालेल्या पानांत उशिरा आलेले बदल इतिहासात खाली दबतात. अशी पानं हातानेच जुळवावी लागतात.