नुसती क्लच प्लेट की अख्खा सेट?
जुन्या गाडीचा क्लच घसरू लागला की नुसती प्लेट बदलणं स्वस्त वाटतं. पण खरा खर्च मजुरीचा. गिअरबॉक्स दोन्ही वेळा उतरवावाच लागतो. जुनी प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणारी प्लेट, तापून निळी पडली असेल किंवा तिला खाचा असतील, तर नव्या प्लेटवरही गाडी जागेवरून निघताना थरथरते. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, तर जुनं ठेवूच नये. पुढे ते पेडल दाबताना घरघरू लागलं, की पुन्हा तीच उतरवाउतरव! सेटमध्ये ही तिन्ही सहसा एकत्र येतात. फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) मात्र वेगळं तपासा, आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील पाझरत असेल तर तेव्हाच बदला, कारण तेल लागलेली नवीकोरी प्लेटही घसरते. गाडी लवकरच विकायची असेल आणि प्रेशर प्लेट सपाट, तिच्या स्प्रिंगची बोटं एका पातळीत असतील, तरच नुसत्या प्लेटवर भागवा.