डिस्कोर्स : हरलेल्या स्पर्धकाचा अभिप्राय

आधी हितसंबंध उघड करतो. मी आणि माझ्या दोन भागीदारांनी चार वर्षं स्वतःचा फोरम प्लॅटफॉर्म बांधला, विकला (म्हणजे विकायचा प्रयत्न केला) आणि शेवटी गाशा गुंडाळला. जाताना उरलेले तीन गट डिस्कोर्स या फोरम चालवायच्या सॉफ्टवेअरवर हलवले. तेव्हा कौतुकात कुठे जळफळाट डोकावला तर सांभाळून घ्या.

डिस्कोर्स २०१३ साली आलं. जेफ अ‍ॅटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन या तिघांनी ते सुरू केलं. अ‍ॅटवूड त्याआधी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या दोन संस्थापकांपैकी एक. कोड खुला आहे. स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवा, नाहीतर पैसे देऊन त्यांनाच चालवायला सांगा. फुकट देऊन कंपनी कशी चालेल, म्हणून आम्ही हसलो होतो. त्यांची चालली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विश्वासाच्या पायऱ्या. शून्य ते चार. नवा सदस्य शून्यावर असतो, लिंका आणि चित्रं टाकण्यावर त्याला मर्यादा असते. पाच धागे (म्हणजे चर्चा) उघडले, तीस प्रतिसाद वाचले, दहा मिनिटं वाचनात घालवली की तो आपोआप एकवर जातो. वाचल्याबद्दल बढती! आम्ही चार वर्षं लिहिणाऱ्यांना गुण देत बसलो आणि एका ओळीचे 'सहमत', 'मस्त' गोळा करत राहिलो. तिसरी पायरी तर टिकवावी लागते: मागच्या शंभर दिवसांतली हजेरी घटली की माणूस खाली येतो. चौथी फक्त हाताने देता येते.

याची किंमत मला कळते, कारण आमच्याकडे दार सताड उघडं होतं. सदस्यसंख्या वाढवायची घाई, त्यात अडवणार कोणाला? एक आयडी तीन आठवडे गोडगोड वागला. 'छान माहिती', 'धन्यवाद दादा'. मग एका रात्री त्याने आपले सगळे जुने प्रतिसाद संपादित केले आणि प्रत्येकात जुगाराच्या साइटची लिंक चिकटवली. नवा प्रतिसाद एकही नाही, त्यामुळे कोणाला नोटिफिकेशन गेलंच नाही. अकरा दिवसांनी कुणीतरी जुना धागा उघडला तेव्हा बोंब झाली. डिस्कोर्समध्ये ठरावीक मुदतीनंतर नवख्याला आपला प्रतिसाद बदलताच येत नाही. इतकी साधी गोष्ट. आम्हाला सुचली नव्हती.

(डुआयडी, म्हणजे एकाच माणसाची खोट्या नावांची जादा खाती, आम्हीही काढले होते, कबूल करतो. रिकाम्या फोरमवर पहिला धागा काढायला कोणी धजत नाही, म्हणून आम्ही तिघेच सात नावांनी भांडायचो. रेडिटच्या संस्थापकांनीही सुरुवातीला खोटी खाती वापरल्याचं सांगितलंय, तेवढाच दिलासा.)

आता त्रास. सगळ्यात मोठी डोकेदुखी ईमेलची. मेल जात नसेल तर नव्या माणसाचं खातंच चालू होत नाही, त्यामुळे स्वतः बसवणाऱ्याचं घोडं इथेच अडतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) सक्तीचं केलंय. रोज सारांश पाठवणारा फोरम या नियमात कधी येतो ते कळतही नाही. आमच्या प्लॅटफॉर्मचे निम्मे 'पासवर्ड विसरलो' मेल स्पॅममध्ये जायचे आणि लोकांना वाटायचं, आम्ही उत्तरच देत नाही. डिस्कोर्स घेतलं तरी हे काम तुमच्याच गळ्यात असतं. त्यांच्याकडून होस्टिंग घेतलंत तरच सुटका.

दुसरं, काही अपडेटना पूर्ण रीबिल्ड, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर नव्याने बांधून घेणं, लागतो आणि तेवढी काही मिनिटं साइट बंद राहते. पानांच्या आकड्यांची सवय असलेल्या जुन्या सदस्यांना न संपणारं स्क्रोल रुचत नाही. 'पान चारवरचा माझा प्रतिसाद बघ' असं म्हणायची सोय गेली, ही तक्रार मी रोज ऐकतो. phpबीबीसारख्या जुन्या फोरम सॉफ्टवेअरसाठी स्थलांतराच्या स्क्रिप्ट तयार मिळतात. आमचं सगळं घरचं, म्हणून स्क्रिप्टही घरीच लिहिली, आणि पहिल्या फेरीत सगळ्या प्रतिसादांच्या तारखा एकच पडल्या. ती चूक माझी.

पैशाचं गणित मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही. वाचणारा पैसे देत नाही, गट काढणारा देतो. गट ओस पडला की तो वर्गणी थांबवतो, आणि गजबजला की सर्व्हर आणि मॉडरेटरचा खर्च आपल्या अंगावर येतो. मधल्या मापाचे गट आम्हाला फार थोडे मिळाले, आणि त्यांतलेही बरेच चॅटवर गेले.

डिस्कोर्समधली एक बारीक गोष्ट सांगतो. दोन प्रतिसादांत मोठं अंतर पडलं की मध्ये एक फिकट ओळ येते: इतक्या महिन्यांनी, इतक्या वर्षांनी. जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या आमच्या गटात एकाने बॅलन्स स्टाफच्या (घड्याळातल्या बॅलन्स चाकाच्या आसाच्या) मापाबद्दल विचारलं होतं. खाली ती ओळ, 'दोन वर्षांनी', आणि त्याखाली तिसऱ्याच माणसाने दिलेलं अचूक माप, फोटोसकट. चॅटवर हा प्रश्न संध्याकाळपर्यंत वाहून गेला असता. स्वतःच्या गटासाठी घेत असाल तर बेलाशक घ्या. यावर धंदा उभारणार असाल तर आधी मला फोन करा. घड्याळवाले आणि शिवणयंत्रवाले जोरात आहेत. तिसऱ्या गटात माझा 'कोणी आहे का?' हा प्रतिसाद शेवटचा आहे, आणि ती फिकट ओळ उमटायला खाली आणखी कोणीतरी लिहावं लागतं.