स्क्रीन-टू-जिफ : प्रत्येक फ्रेमखाली तिचा वेळ दाखवणारे साधन

मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यासाठी वाफेच्या पाइपलाइनवर सुरक्षितपणे काम कसे करावे, यावरचा एक छोटा ई-लर्निंग पाठ आम्ही नुकताच तयार केला. त्यातील एका हलत्या चित्राने आमचे जवळजवळ तीन दिवस खाल्ले, आणि स्क्रीन-टू-जिफ या ज्या साधनाने अखेर त्यातून सोडवले त्याचे हे परीक्षण आहे. बडोद्यात बसून गुजराती, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत प्रशिक्षणाचे पाठ करून देणे हा माझा व्यवसाय आहे. अ‍ॅनिमेशनची फाइल दुसऱ्याकडून यावी, ती आपण ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पाठाच्या स्लाइड रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवावी आणि पाहणाऱ्याला ती भलत्याच वेगाने पळताना दिसावी, हा अनुभव या व्यवसायातील बहुतेकांना कधी ना कधी येतोच.

चित्र अगदी साधे होते, जिफ या हलत्या चित्रांच्या फाइल-प्रकारातले. वाफेच्या व्हॉल्व्हचे चाक हातमोजा घातलेला हात सावकाश पाव फेरी फिरवतो, एवढेच त्यात दाखवायचे होते. अ‍ॅनिमेटरने ते मोजून सहा सेकंदांचे केले होते. ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या प्रीव्ह्यूमध्ये मात्र ते चाक सुमारे साडेतीन सेकंदांतच गर्रकन फिरून मोकळे होई. आमच्या कामाची तपासणी करायला कारखान्याचे फोरमनकाका आले होते. पंचवीस-तीस वर्षे बॉयलरजवळ काढलेला माणूस. त्यांनी चित्र दोनदा पाहिले आणि म्हणाले, "ताई, इतक्या झपाट्याने वॉल उघडला तर लाइन ठोके देईल. पोरं जे बघतात तेच करतात."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. थंड पाइपमध्ये वाफेचे पाणी साचलेले असते. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर वाफ ते पाणी पुढे लोटते आणि पाण्याचा लोंढा पुढच्या वळणावर हातोड्यासारखा आदळतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात, आणि त्याने जोड निखळू शकतात, पाइपही फुटू शकतो. म्हणजे या चित्रात वेग ही सजावट नव्हती, वेग हाच धडा होता.

यावर आम्ही पहिली चूक केली ती अशी, की स्लाइडच्या टाइमलाइनवर चित्राची पट्टी ओढून लांब केली. त्याने काहीही बदलत नाही, कारण चित्र पडद्यावर किती वेळ दिसावे एवढेच ती पट्टी ठरवते. चित्राच्या आतील हालचाल कोणत्या वेगाने चालावी, याच्याशी तिचा संबंध नसतो. मग पाठ पब्लिश करून क्रोममध्ये उघडला, तर चित्र उलट टोकाला गेले. तेच चाक आता इतके रेंगाळत फिरू लागले, की पाव फेरीला छत्तीस सेकंद लागले. काकांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून विचारले, "आता याला झोप लागली का?" ज्या ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये आम्ही काम करत होतो, त्याचे नाव येथे घेत नाही. वर्षाला चांगली जाडजूड वर्गणी घेणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये हलत्या चित्राचा वेग पाहायला किंवा बदलायला एकही खिडकी नाही, आणि मदत केंद्राकडून आलेले उत्तर ब्राउझरची साठवण पुसून पाहा, एवढेच होते. ती पुसली, पण चाक होते तसेच रेंगाळत राहिले.

सहा सेकंदांचे चित्र एका ठिकाणी ३.६ सेकंदांत आणि दुसऱ्या ठिकाणी ३६ सेकंदांत का संपते, याचे उत्तर जिफ फाइलच्या जुन्या रचनेत आहे. (कार्यालयात निम्मे लोक गिफ म्हणतात, ज्यांनी हा प्रकार घडवला ते स्टीव्ह विल्हाइट स्वतः जिफ म्हणत, म्हणून मी त्यांच्या बाजूने.) कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ साली हा प्रकार आणला आणि १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेमला, म्हणजे हालचालीतील प्रत्येक स्थिर चित्राला, स्वतःचा थांबण्याचा वेळ देण्याची सोय केली. तो वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, पूर्णांकातच लिहावा लागतो. येथेच मेख आहे. आमच्या अ‍ॅनिमेटरने चित्र सेकंदाला ६० फ्रेम या दराने केले होते, म्हणजे सहा सेकंदांच्या ३६० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला खरे तर १.६७ शतांश सेकंद हवे होते. पण दशांश लिहायला जागाच नसल्यामुळे त्याच्या सॉफ्टवेअरने अपूर्णांक छाटून टाकला आणि फाइलमध्ये सरळ १ लिहिला. ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या प्रीव्ह्यूने तो १ प्रामाणिकपणे मानला, म्हणून ३६० फ्रेम ३.६ सेकंदांत संपल्या. ब्राउझर मात्र तसे करत नाहीत. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांत ० किंवा १ हा वेळ दिसला की तो अवास्तव मानून त्याऐवजी १०, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, धरण्याची जुनी रीत आहे. ३६० फ्रेमना प्रत्येकी दहावा भाग दिला की छत्तीस सेकंद होतात. कोणीच चुकीचे गणित केले नव्हते. फाइलमधला एकच आकडा दोघांनी दोन तऱ्हांनी वाचला होता.

हे सारे आम्हाला कळले ते स्क्रीन-टू-जिफ या साधनामुळे. ते विंडोजवर चालते, मोफत आहे आणि मुक्तस्रोत आहे. नावाप्रमाणे त्याचे मुख्य काम पडद्यावरची हालचाल टिपून तिचे जिफ करणे हे आहे, पण आमच्या कामाला आला तो त्यातील संपादक. त्यात कोणतीही जिफ फाइल उघडली की खाली साऱ्या फ्रेम एका ओळीत मांडल्या जातात आणि प्रत्येक फ्रेमखाली तिचा वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला दिसतो. आमची फाइल उघडली तेव्हा पहिल्या फ्रेमखाली १०, दुसरीखाली १०, तिसरीखाली १०, असे शेवटपर्यंत १० चे आकडे रांगेत उभे होते; १० मिलिसेकंद म्हणजेच फाइलमधला तो १ शतांश. तीन दिवस ज्याचा शोध चालला होता तो दोष पाच सेकंदांत डोळ्यांसमोर आला. चार हजार चौरस फुटांच्या कारखान्यात हरवलेला पाना टेबलावरच सापडावा, तसे वाटले.

दुरुस्ती करताना सगळ्या फ्रेमना आंधळेपणाने जास्त वेळ देऊन चालत नाही. ३६० फ्रेम तशाच ठेवून प्रत्येकीला २० मिलिसेकंद दिले असते, तर चित्र ७.२ सेकंदांचे झाले असते आणि फाइलही अवजड राहिली असती. म्हणून आम्ही आधी फ्रेम कमी केल्या. संपादकात ठरावीक अंतराने फ्रेम गाळण्याची सोय आहे. दर तिनांतली एक ठेवून दोन काढल्या, तेव्हा १२० उरल्या. मग सगळ्या फ्रेम निवडून त्यांना प्रत्येकी ५० मिलिसेकंद, म्हणजे ५ शतांश सेकंद, असा एकच वेळ दिला. १२० गुणिले ५ म्हणजे ६०० शतांश, बरोबर सहा सेकंद. हा ५ चा आकडा पूर्णांक आहे आणि ब्राउझरच्या संशयाच्या मर्यादेच्या पुरेसा वर आहे, त्यामुळे प्रीव्ह्यू आणि क्रोम दोघांनाही तो एकसारखाच वाचावा लागतो. शेवटच्या फ्रेमवर, जेथे हात चाकावरून निघतो, तेवढ्या एकीला १५०० मिलिसेकंद दिले, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी डोळ्याला दीड सेकंद विसावा मिळतो. वेळ ठरावीक मिलिसेकंदांनी कमी-जास्त करण्याची आणि टक्केवारीने ताणण्याची सोयही आहे, पण मला तिसरा मार्ग, म्हणजे नेमका आकडा स्वतः टाकणे, हाच सर्वांत भरवशाचा वाटला.

या अनुभवातून अ‍ॅनिमेटरला आता आम्ही आधीच सांगून ठेवतो, की जिफ द्यायची असेल तर दर सेकंदाला २५, २० किंवा १० फ्रेम यांपैकीच दर ठेव, कारण त्यांचे वेळ ४, ५ आणि १० शतांश असे पूर्ण येतात. ३० फ्रेमला ३.३३ येतात आणि २४ ला ४.१७; म्हणजे कोणीतरी ते पूर्णांकात बसवणारच आणि चित्र थोडे पुढे-मागे सरकणारच. भारतातील दूरदर्शन संचांसाठी सेकंदाला २५ चित्रांची पद्धत चालत आली आहे, ती येथे अशी अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी मात्र हे साधनही उघडायची गरज नाही; जिफ फाइल उचलून थेट ब्राउझरच्या खिडकीत टाकावी आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने एक फेरी मोजावी. तेथेही वेग चुकीचा असेल तर रोग फाइलमध्ये आहे, आणि तेथे बरोबर असून पाठात बिघडत असेल तर ऑथरिंग सॉफ्टवेअरचा प्लेअर किंवा संगणकाची ताकद तपासावी. कारखान्याच्या प्रशिक्षण खोलीतील जुन्या संगणकावर एकाच स्लाइडमध्ये चार मोठी जिफ ठेवली, तेव्हा आकडे बरोबर असूनही चारही अडखळत चालली. त्याला वेळेचे आकडे काहीच करू शकत नाहीत. तेथे चित्राची लांबी-रुंदी कमी करणे हाच उपाय आहे. आमच्यापुरता नियम असा झाला, की अंतिम तपासणी प्रीव्ह्यूत करायची नाही, पब्लिश केलेला पाठ ज्या यंत्रावर शिकणारा पाहणार त्याच यंत्रावर करायची.

आता साधनाच्या उणिवा. उघडलेल्या चित्राची प्रत्येक फ्रेम ते डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये वेगळी प्रतिमा म्हणून साठवते, त्यामुळे चार-पाच लांब चित्रांवर काम केले की लहान डिस्कच्या लॅपटॉपवर जागा भराभर संपते आणि ती साठवण आठवणीने साफ करावी लागते. मॅक वापरणाऱ्यांना ते मिळत नाही. फाइल पुन्हा जतन करताना रंगांची निवड नव्याने होते, आणि जिफच्या एका फ्रेममध्ये २५६ च रंग मावत असल्यामुळे वाफेच्या धूसर छटांवर पट्टे उमटले. दुसऱ्यांदा आम्ही अ‍ॅनिमेटरकडून मूळ पीएनजी प्रतिमा मागवल्या, त्या साधनात एकत्र घेतल्या आणि तेथूनच जिफ केली, तेव्हा पट्टे बरेच कमी झाले. रोज शंभर फाइली दुरुस्त करायच्या असतील तर हा मार्ग संथ आहे. आदेश लिहून काम करण्याची सवय असलेल्यांना जिफसिकल हे साधन अधिक सोयीचे पडेल.

एक मर्यादा साधनाची नाही, जिफचीच आहे. स्लाइडवर आवाज कोठवर आला आहे हे जिफला ठाऊक नसते. निवेदक म्हणतो, "आता थांबा आणि दाबमापकाकडे पाहा," आणि चाक मात्र फिरतच राहते. शिवाय पाहणाऱ्याला ते थांबवता येत नाही. वेबवरील सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही मजकूर वापरता यावा यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपोआप सुरू होऊन इतर मजकुराशेजारी पाच सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल थांबवण्याची सोय पाहणाऱ्याला असली पाहिजे. आमचे सहा सेकंदांचे आणि पुन्हापुन्हा फिरणारे चाक या कसोटीला सरळसरळ उतरत नव्हते. म्हणून अंतिम पाठात ज्या चित्रांना निवेदनाशी मेळ हवा होता, ती आम्ही एमपी-फोर व्हिडिओ म्हणून बसवली. व्हिडिओला थांबवण्याचे बटण देता येते आणि स्लाइडच्या टाइमलाइनशी तो जुळवता येतो. स्क्रीन-टू-जिफमधून व्हिडिओही काढता येतो, फक्त त्यासाठी एफएफएमपेग हे व्हिडिओ तयार करणारे साधन वेगळे उतरवून घ्यावे लागते. जिफ आम्ही केवळ लहान, आवाजाशिवायच्या खुणांसाठी ठेवली.

फुकट मिळणाऱ्या साधनाकडून याहून अधिक अपेक्षा करणे बरे नव्हे; वर्गणी घेणाऱ्या ऑथरिंग सॉफ्टवेअरकडून मात्र फ्रेमचा वेळ दाखवणाऱ्या एका चौकटीची अपेक्षा करायला काहीच हरकत नाही. फोरमनकाकांनी गेल्या आठवड्यात पब्लिश केलेला पाठ त्यांच्याच खोलीतील संगणकावर पाहिला, पुन्हा घड्याळ लावून. चाकाला त्यांनी मान डोलावली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "पण ताई, आधी ड्रेन उघडून पाणी काढलेलं दाखवलंच नाहीत." ते चित्र आता करायला घेतले आहे, सेकंदाला २० फ्रेमने.