विषाणू व प्रायॉन यांच्या तक्त्यांचा मराठी संच : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये रत्नागिरीतील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठी विषाणूंच्या वर्गीकरणाचा आठ तक्त्यांचा संच १,६०० रुपयांना घेतला. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना तो वर्षभर भिंतीवर होता. मराठीत या विषयाचे तक्ते फारसे मिळत नाहीत, म्हणून घेण्यापूर्वी इतर शिक्षकांना उपयोग व्हावा या हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

संचाचा प्राण म्हणजे दुसरा तक्ता. पूर्वीच्या तक्त्यांत त्वचेचे विषाणू, श्वसनमार्गाचे विषाणू, मेंदूचे विषाणू अशी रोगांवरून मांडणी असे आणि मुले ती पाठ करून विसरत. येथे डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये सुचवलेली पद्धत घेतली आहे. विषाणू कोणताही असो, पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला फक्त संदेशवाहक आरएनए वाचता येतो. तेव्हा आपल्या जनुकीय द्रव्यापासून त्या आरएनएपर्यंत विषाणू कोणत्या वाटेने पोहोचतो, यावरून त्याचा गट ठरतो. मुळातले सहा गट व नंतर जोडलेला सातवा असे सात रकाने असून प्रत्येकातून निघालेला बाण खाली एकाच पट्टीवर येऊन टेकतो. डेंग्यूच्या विषाणूचा आरएनए पेशी जसाच्या तसा वाचू शकते, तर रेबीजचा उलट्या क्रमाचा असल्यामुळे त्याला नक्कल करणारे विकर स्वतःबरोबर आणावे लागते, हा फरक बाण पाहताच मुलांच्या लक्षात आला. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे दोन्ही विषाणू आरएनएवरून डीएनए तयार करतात, तरी एकाच्या कणात आरएनए असतो आणि दुसऱ्याच्या कणात डीएनए, म्हणून ते सहाव्या व सातव्या गटांत वेगळे पडतात. हे फळ्यावर समजावताना पूर्वी माझा पूर्ण तास जात असे.

पहिल्या रकान्यात देवी आणि नागीण यांच्या विषाणूंशेजारी कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू दाखवला आहे, याबद्दल तक्ते करणाऱ्यांचे मनापासून कौतुक वाटते. खाडीकाठी कोळंबीचे तळे असलेल्या घरातली एक विद्यार्थिनी त्या चित्रापाशी बराच वेळ थांबली. कोळंबी काठाशी येऊन मंदावते, कवचाच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात आणि आठ-दहा दिवसांत तळे संपते, हे तिने वर्गाला सांगितले. दुपदरी डीएनए हा शब्द त्या दिवसानंतर कोणाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

प्रायॉनचा, म्हणजे रोग पसरवणाऱ्या विकृत प्रथिनाचा, तक्ता चित्राच्या दृष्टीने सर्वांत सुरेख आहे. एकच प्रथिन, एकदा मळसूत्री वळणांचे आणि एकदा चपट्या पट्ट्यांचे, शेजारी शेजारी काढले आहे. विकृत घडीचे प्रथिन निरोगी प्रथिनाला आपल्यासारखे करत जाते आणि मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो, ही साखळी चार चित्रांत येते. मेंढ्यांचा स्क्रेपी, पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांचा कुरू, १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेलेला गायींचा रोग आणि त्यातून माणसांत आलेला, १९९६ मध्ये जाहीर झालेला क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाचा नवा प्रकार हे सगळे नेमके आहे. मात्र शीर्षक ‘विषाणूंचा आठवा गट’ असे छापले आहे, आणि ते सरळ चूक आहे. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ‘प्रायॉन’ हे नाव दिले तेच मुळी केवळ प्रथिनाच्या बनलेल्या रोगकारकासाठी. ज्याच्याकडे डीएनए नाही आणि आरएनएही नाही, त्याला जनुकीय द्रव्यावर उभ्या असलेल्या वर्गीकरणात रकाना मिळूच शकत नाही. व्हायरॉइडना, म्हणजे वनस्पतींत रोग करणाऱ्या, प्रथिनाचे आवरण नसलेल्या आरएनएच्या तुकड्यांना, कोपऱ्यात दोनच ओळी दिल्या आहेत. फिलिपाईन्समध्ये कोट्यवधी माड मारणारा कडांग-कडांग रोग अवघ्या २४६ न्यूक्लिओटाइडांच्या उघड्या आरएनएमुळे होतो, हे माडांच्या वाडीत वाढलेल्या मुलांना सविस्तर वाचायला आवडले असते.

याहून गंभीर चूक सहाव्या तक्त्यावर आहे. पावसाळ्यातील विषाणुजन्य तापांच्या यादीत डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्याखाली लेप्टोस्पायरोसिस छापला आहे आणि त्याच तक्त्याच्या तळाशी ‘विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. लेप्टोस्पायरा हा मळसूत्री जिवाणू आहे. डॉक्सिसायक्लिन व पेनिसिलिन त्यावर काम करतात आणि उपचार लवकर सुरू होणे रुग्णाच्या हिताचे असते. चिखलणीला अनवाणी उतरणाऱ्या घरांतली मुले हा तक्ता वाचणार आहेत. वरची यादी व खालचे वाक्य जोडून त्यांनी लेप्टोवर औषधच नाही असा अर्थ काढला, तर दोष त्यांचा नाही. मी पहिल्याच आठवड्यात त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली.

माकडतापाची (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) नोंद चौथ्या गटात बरोबर आहे, तो प्रथम ओळखला गेला ते १९५७ हे साल आणि शिमोगा जिल्हाही बरोबर. पण नकाशावरचा ठिपका कर्नाटकातच थांबतो. २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि नंतर सावंतवाडीकडे या तापाचे रुग्ण सापडले. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडींपासून धोका असतो आणि हंगाम काजूच्या कामाचाच असतो, एवढी दोन वाक्ये मराठी संचात हवीच होती.

कागद जाड आहे, अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येते. खारट हवेत वरच्या लोखंडी पट्ट्या श्रावणातच गंजल्या आणि दोन तक्त्यांचे प्लास्टिकचे आवरण खालून सुटून आत बुरशी धरली. लाकडी पट्टी बसवून घेतल्यावर अडचण आली नाही.

दुकानात तक्ते सुटेही मिळतात, एक २२० रुपयांना. दुसरा तक्ता जरूर घ्यावा. प्रायॉनचा तक्ता शीर्षक झाकून लावावा. सहावा मात्र दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत घेऊ नये. चुकांची यादी मी दुकानदारामार्फत प्रकाशकांकडे पाठवली असून अद्याप उत्तर आलेले नाही.