साठीनंतरचे शब्दकोडे: कागदावरचे की मोबाइलवरचे?

निवृत्तीनंतर शब्दकोड्याचा नाद लावून घ्यावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे हल्ली दोन पर्याय असतात: वर्तमानपत्रातले आडव्या-उभ्या शब्दांचे कोडे आणि मोबाइलवरचे, घड्याळ लावलेले कोडे. सहासष्टाव्या वर्षी मी दोन्ही वर्षभर सोडवून पाहिली.

मोबाइलचे फायदे खरे आहेत. अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात, उत्तरासाठी दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही आणि एक कोडे संपले की दुसरे हजर असते. उलट वर्तमानपत्रातले चौकोन इतके बारीक की चष्मा लावूनही 'श्री' त्यात कोंबावी लागते, आणि पेन वापरला तर शाई पलीकडच्या पानावर उतरते.

तरीही माझा कल फिरला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. मराठी कोड्यात 'लक्ष्मी'ला दोन चौकोन लागतात. माझ्या मोबाइलवर मात्र 'क्ष्मी' उमटवायला सहा कळा दाबाव्या लागत. त्यातली पहिली 'क' दाबताच कोडे पुढच्या चौकोनावर उडी मारी आणि मी मागे येऊन ते पुसेपर्यंत कोपऱ्यातले घड्याळ धावत राही. शब्द आठवला होता, तरी गुण कापले जात. जोडाक्षराची ही शिक्षा कुणी मुद्दाम योजली नसेल, पण ती रोज भोगावी लागे.

घड्याळाचे तर वयाशी मुळातच वाकडे आहे. विचाराचा वेग तारुण्यापासूनच हळूहळू मंदावतो, शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत, कित्येकांचा त्यानंतरही, वाढत राहतो. म्हणजे घड्याळ नेमके आपले उणे तेवढे मोजते. 'उखळाचा जोडीदार, तीन अक्षरी' याचे उत्तर मला पाऊण तासाने, नारळ खोवताना आठवले. कागदावरचे तीन चौकोन तोवर मुकाट्याने थांबले होते.

2022 साली अमेरिकेतील कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी सौम्य विस्मरण असलेल्या 107 जणांवरील 78 आठवड्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यात शब्दकोडी सोडवणारे संगणकावरील बौद्धिक खेळ खेळणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. मला ते वाचून आनंद झाला खरा, पण तिथली शब्दकोडीही संगणकावरचीच होती, त्यामुळे कागदाच्या बाजूने हा पुरावा मला वापरता येत नाही. शिवाय कोडी सोडवून कोडी सोडवण्यात हात बसतो; त्याने किराणा विसरणे थांबेलच असे नाही. माझे तरी थांबलेले नाही.

तेव्हा निदान माझ्यापुरते सांगायचे तर सकाळी कागद आणि शिसपेन्सिल, आणि रेल्वेच्या प्रवासात मोबाइल. ज्यांची नजर फारच अधू आहे त्यांनी मोबाइल निवडल्यास गैर नाही. फक्त घड्याळ बंद करता येते का आणि 'लक्ष्मी' दोन चौकोनांत सुखरूप बसते का, एवढे आधी पाहून घ्यावे.